चौदा तोट्या आणि एक पांढरा बैल

आमचं घर मिठागरावरचं. वडील वाफ्यातलं मीठ फळीने ओढायचे आणि आई ते टोपलीत भरून बांधावर ढीग घालायची. पायांच्या भेगांत खारं पाणी जायचं, ते घरी आल्यावरही चुरचुरत राहायचं. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. तेव्हा पेज आणि खाडीतली निवटी मासळी, यावर दिवस काढायचे. घरात लिहिता-वाचता येणारं कोणी नव्हतं. मुकादमाने कागद पुढे केला की वडील अंगठा उठवायचे, आणि कागदावर काय लिहिलंय ते मुकादमालाच विचारायचे.

पण वडिलांकडे एक गोष्ट होती. ते बांधावर उभे राहून दोन वाफ्यांकडे नुसते बघायचे आणि सांगायचे, “ह्याला अजून दोन दिस लागतील. त्यो ओढा.” मला दोन्ही वाफे सारखेच पांढरे दिसायचे. माझ्याहून तीन वर्षांनी लहान भावाला मात्र फरक दिसायचा. तो बोट दाखवायचा आणि वडील त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, “तुला नाय दिसत ना? मग तू शाळेत जा.”

म्हणून मी शिकलो. एका पँटवर कॉलेजची तीन वर्षं काढली आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झालो. हे मी अभिमानाने सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वडिलांचा तो हात धाकट्याच्या पाठीवर होता, हे पदवीचा कागद हातात घेतानाही माझ्या मनातून गेलं नव्हतं, हेही खरं.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगल पाहिली. तरी कोणी विचारलं की साहेब, कुठला गुन्हा अजून डोक्यातून जात नाही, तर मी एका बैलाच्या चोरीचं नाव घेतो. लोक हसतात. हसू द्या. त्या गुन्ह्यात एक निरपराध म्हातारा माझ्या सहीने तुरुंगात जाणार होता, आणि त्याचं कारण कायदा नव्हता, पुरावा नव्हता. कारण मी होतो. संबंधितांची नावं मी इथे लिहीत नाही.

तेव्हा मी पनवेल भागातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक (गुन्हे) होतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली होती आणि दर आठवड्याला कुठल्या तरी मैदानावर आमचा बंदोबस्त असायचा.

आमच्या ठाण्यात एक महिला पोलीस नाईक होती. वय तिशीच्या आतबाहेर, गाव इथलंच, वडील कळंबोलीत रिक्षा चालवणारे. सगळे तिला ताई म्हणत. तिची खासियत अशी, की एकदा पाहिलेली वस्तू किंवा माणूस ती विसरत नसे. सीसीटीव्हीत अर्ध्या सेकंदासाठी दिसलेली टोपी आठ दिवसांनी बाजारात कोणाच्या डोक्यावर दिसली, तर ती सांगायची, “तीच.” वरिष्ठांच्या बैठकीत मी पन्नास पानांचा नीटनेटका तपास मांडायचो आणि शेवटी मोठे साहेब म्हणायचे, “ते ठीक आहे. तुमच्याकडे ती नाईक आहे ना, तिला फुटेज दाखवा.”

माझं मात्र उलट. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. तीस वर्षं मी हे लपवलं. माणसं मी आवाजावरून, चालीवरून ओळखायचो आणि बाकीचं वहीत लिहून ठेवायचो. शर्ट बदलून आलेल्या आरोपीला मी एकदा साक्षीदार समजून चहा पाजला होता. मसुदा, कलमं, जबाब यांत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून ही पोरगी नुसती बघते आणि बाजी मारते, ते मला सहन व्हायचं नाही. त्या वर्षी तिच्या गोपनीय अहवालात मी ‘साधारण’ असा शेरा मारला होता. आवाज न करता, निळ्या शाईत.

तर एका सोमवारी दुपारी सुकापूरचे एक शेठ फिर्याद द्यायला आले. जमिनीवर इमारती उठल्या आणि घरात शेठपण आलं, अशातले. नेऱ्याला डोंगराखाली त्यांचा गोठा होता. मी पंचनाम्याला गेलो, तर गोठ्यातले पंखे माझ्या सरकारी क्वार्टरमधल्या पंख्यांपेक्षा चांगले. शर्यतीचा त्यांचा पांढरा खिलार बैल, नाव चंद्या, आदल्या दिवशी भरदुपारी गोठ्यातून गेला होता. घरची सगळी माणसं रोडपालीला लग्नाला गेलेली. गोठ्यावर फक्त राखणदार.

हा राखणदार साठीच्या पुढचा. घाटावरचा, माणदेशातला. बैलांबरोबरच इकडे आलेला. सगळे त्याला आबा म्हणत.

“मी गोठ्यावर नव्हतो साहेब,” आबा म्हणाला. “शेठनीच धाडलं व्हतं पनवेलला, पेंड आणाया. आलो तर दावं मोकळं.”

शेठ उसळले. “मी कशाला धाडू? आत पेंडीची आठ पोती हाय! बघा तुमी, साहेब. ज्याला लेकरासारखा वागवला तो उलटला.”

मी आत जाऊन पाहिलं. आठ पोती होती. आबा नुसता पोत्यांकडे बघत राहिला. गोठ्याचं कुलूप शाबूत, किल्ली आबाच्या कमरेला, आणि सबब खोटी. संध्याकाळी आबाला अटक केली. मंगळवारी कोर्टाने शुक्रवारपर्यंत पोलीस कोठडी दिली.

बुधवारी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. उरण रस्त्याच्या बाजूला एका टँकर चालकाच्या गुरांच्या वाडग्यात चंद्या बांधलाय, शिंगं नव्याने रंगवलीत, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. अशी खबर आली की पोलिसाचा हात शिवशिवतो. पंच घेऊन आम्ही तासाभरात पोहोचलो. बैल होता. पांढरा, खिलार, शिंगांना ताजा लाल रंग. कानातला ओळखीचा बिल्ला नव्हता, नुसतं फाटलेलं भोक.

टँकरवाला तिशीतला, अंगात बनियन. हात जोडून सांगायला लागला, “साहेब, ह्यो माजा पाखऱ्या हाय. दोन वरसं झाली, घाटावरच्या बाजारातून आनला. बिल्ला तारेत अडकून फाटला. अख्ख्या गावाला इचारा!”

“पावती?”

“होती. घरात पानी भरलं तवा गेली.”

गाव त्याच्याच बाजूने बोलणार, हे आम्ही धरूनच चालतो. शिवाय चंद्याला याच्या बैलाने दोनदा हरवलं होतं, हे मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. शेठ आले, बैलाभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “ह्योच माजा चंद्या. ह्याचा लंगडा झाला म्हनून इकून टाकला आसंल यानं, आन्‌ माजा रंगवून उभा केला. लहानपनापासून बैलात हाय मी. मी नाय वळखनार?”

गुरांच्या खासगी डॉक्टरला बोलावलं. चंद्यावर उपचार करणारा माणूस. त्याने चष्मा पुसला, दात पाहिले आणि सांगितलं, “वय जुळतं, रंग जुळतो. बहुधा तोच.” मी पंचनाम्यात लिहिलं, ‘पांढऱ्या रंगाचा, अंदाजे पाच वर्षे वयाचा एक बैल, फिर्यादीने पाहून आपला असल्याचे ओळखले.’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं असेल. मोटारसायकल, सोनसाखळी, भांडी. मालकाने ओळखलं की आमचं काम संपलं, ही आम्हा पोलिसांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्या वर्णनात बसणारे दोनशे बैल त्या दिवशी तालुक्यात उभे असतील, हे माझ्या मनात आलं नाही.

बैल ठाण्याच्या मागच्या आवारात बदामाच्या झाडाला बांधला. टँकरवाल्याला नोटीस देऊन सोडला. शेठनी बैल ताब्यात मिळावा म्हणून कोर्टात अर्जही तयार ठेवला, कारण रविवारी मोठी शर्यत होती.

दुपारी ताई कोर्टाचं काम आटोपून आली. पाणी प्यायला मागे गेली आणि तशीच माझ्या केबिनमध्ये आली.

“साहेब, तो बैल कोणाचा?”

“चंद्या. सापडला.”

“नाही साहेब. तो चंद्या नाही.”

मी पेन खाली ठेवलं. “तू चंद्याला कधी पाहिलंस?”

“एकदा. गेल्या महिन्यात बंदोबस्ताला होते ना, तेव्हा.”

“एकदा पाहिलास. मालक ओळखतो, डॉक्टर ओळखतो. तू कशावरून म्हणतेस? भोवरा? शिंग? डाग?”

ती गोंधळली. “तसं एक काही सांगता नाही येणार. वेगळाच आहे ना साहेब. तुम्हाला नाही दिसत?”

तिने ते सरळ मनाने विचारलं होतं. माझ्या अंगाची लाही झाली.

“तुमच्या घरी बैल असतील,” मी म्हणालो. “म्हणून स्वतःला शहाणी समजू नकोस.”

“आमच्याकडं कुत्रं पण नव्हतं साहेब. पप्पांची रिक्षा तेवढी.”

हे मला जास्त लागलं. बैलांत वाढली असती तर मी मनाची समजूत घातली असती, की सवय आहे, सरावाने येतं. मी ठरवलं, आज हिला सगळ्यांसमोर उघडी पाडायची.

मुद्देमालाच्या खोलीत नवीन पनवेलच्या एका बांधकामावरून चोरीला गेलेल्या पितळी तोट्यांचं पोतं होतं. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदाराला मी ते टेबलावर ओतायला लावलं. चौदा तोट्या, एका कंपनीच्या, एका साच्यातल्या. ठाणे अंमलदार, दोन शिपाई, सगळे गोळा झाले. मी एक तोटी उचलली, तिच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला, तिला दहा सेकंद दाखवली, परत ठेवली. हवालदाराने तिच्याकडे पाठ करून सगळ्या कालवल्या.

“सांग कुठली.”

तिने वाकून पाहिलं. तोट्या तिच्या रोजच्या ओळखीच्या असाव्यात तशी. मग एक उचलली. उलटी केली, आत चिकटपट्टी.

“नशीब,” मी म्हणालो. पुन्हा. दुसरी तोटी. बरोबर. तिसरी. बरोबर. सहा वेळा झालं. सहाही वेळा बरोबर.

ठाणे अंमलदार म्हणाला, “ताई, आमच्या बायकोला घेऊन जा जरा बाजारात. दर वेळी दुसऱ्याच बाईच्या पिशव्या उचलून आणते.”

सगळे हसले. ताईसुद्धा. मी हसलो नाही.

ते गेल्यावर मी दार लोटलं आणि हवालदाराला म्हटलं, “आता मला दाखव.”

“साहेब, राहू द्या. तोट्याच आहेत.”

“दाखव म्हणतो ना!”

त्याने दाखवली. मी डोळे फाडून पाहिली. पदवीधराच्या पद्धतीने पाहिली. आटे किती, ओरखडा कुठे, सगळं मनात पाठ केलं. सहापैकी एक बरोबर आली, आणि तीही मी आपली अंदाजाने उचलली म्हणून. हवालदार तोट्या पोत्यात भरायला लागला. दहावी झालेला माणूस तो. त्यालाही म्हटलं, तू करून बघ. त्याच्या तीन बरोबर आल्या.

त्या खोलीत मला पहिल्यांदा उमगलं, की डोळे सगळ्यांना असतात, पण दिसणं सगळ्यांचं एक नसतं. कोणाला चौदा तोट्या म्हणजे एक तोटी चौदा वेळा दिसते. कोणाला चौदा वेगवेगळ्या. त्याचा शिक्षणाशी संबंध नाही, हुशारीशी नाही, नुसत्या सरावाशीही नाही. बैलांत आयुष्य काढलेला डॉक्टर चुकू शकतो आणि रिक्षावाल्याची मुलगी बरोबर असू शकते. हे मला बुधवारी दुपारी कळलं. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट ही, की कळूनही मी गुरुवारचा अख्खा दिवस काहीही केलं नाही.

का नाही केलं? ती बरोबर ठरली तर पंचनामा माझा खोटा ठरणार होता. वरून बैठकीत तिचं नाव होणार होतं. शुक्रवारी दुपारी कोठडी संपत होती. आबाला न्यायालयीन कोठडीत पाठवायचा कागद मी स्वतःच्या हाताने तयार केला. तो तुरुंगात गेला असता, तर त्याचा जामीन भरायला या शहरात त्याचं कोणी नव्हतं. मला हे माहीत होतं. मी मसुद्यातलं एक वाक्य सुधारलं आणि सही करायला ठेवून दिला.

गुरुवारी चारच्या सुमारास मी कोठडीकडे फेरी मारायला गेलो. कोठडीच्या खिडकीतून मागचं आवार दिसतं. आबा गजांशी उभा राहून बाहेर बघत होता. मला पाहून म्हणाला, “साहेब, एक सांगू का? त्या बैलाला पाणी कमी पडतंय. सकाळधरनं बघतुया. बादली लांब ठिवल्या, दावं पुरत न्हाय.”

“सांगतो.”

“कुणाचा हाय वो त्यो? गुणाचा दिसतुया. मागल्या पायावर लई भार देतोय, पळणारा हाय.” मग जरा थांबून, भीत भीत, “आन्‌ साहेब… आमच्या चंद्याचा काय ठाव लागला का?”

मी गज धरून उभा राहिलो.

आबाला कोणी सांगितलंच नव्हतं. तो आरोपी होता, आणि आरोपीला ओळख पटवायला आम्ही नेत नाही, कारण तो खोटंच बोलणार. तो बैल चंद्या म्हणून आणलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. दीड दिवस तो त्या बैलाकडे बघत होता आणि त्याच्या दृष्टीने तो कोणाचा तरी परका, तहानलेला बैल होता. चंद्याला त्याने वासरू असल्यापासून वाढवलं होतं. याहून खरी साक्ष मी नोकरीत ऐकली नाही, आणि ती देणाऱ्याला आपण साक्ष देतोय हे माहीतही नव्हतं.

मी बादली जवळ सरकवली. स्वतःच. मग ताईला बोलावलं.

“बस,” म्हणालो. ती बसली नाही. “समज, तो चंद्या नाही. मग चंद्या कुठे?”

तिने खिशातून मोबाईल काढला. “मी बघून ठेवलंय साहेब. काल रात्री.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही तोट्या ओळखायला लावल्यात,” ती म्हणाली. आवाज वर नव्हता. “मला वाटलं, साहेबांना ऐकायचं नाही.”

मी मोबाईलसाठी हात पुढे केला.

नेऱ्याच्या भागात शेतघरं भाड्याने देतात. शनिवार-रविवारी मुंबईची कुटुंबं येतात, पोहतात, चुलीवरचं जेवतात आणि फोटो टाकतात. तिने त्या भागातल्या शेतघरांचे अलीकडचे सगळे फोटो चाळले होते. एका फोटोत एक लहान मुलगी चिंचेखाली बसून आईस्क्रीम खात होती. तिच्या खूप मागे, दोन म्हशींच्या आड, एक मळकट जनावर. शिंगं बुडातून कापलेली.

“हा,” ती म्हणाली.

मी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा काढून पाहिला. मला एक बैल दिसला, आणि तोही तिने सांगितला म्हणून.

“नक्की?”

“साहेब, ह्यो चंद्याच हाय,” ती म्हणाली. घाईत तिच्या तोंडून घरची भाषा निघाली, आणि मला आमचं घर आठवलं.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. आबालाही गाडीत घेतला, कुठे जातोय ते न सांगता. शेतघराच्या मागे गोठा होता. आबा गाडीतून उतरला, कोणाची परवानगी न घेता सरळ म्हशींच्या मधून गेला आणि त्या शिंगं कापलेल्या बैलाचा पुढचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. खुराच्या वर सूज होती.

“चंद्या हाय साहेब. आरं, शिंगं कुणी कापली रं तुझी?” मग माझ्याकडे वळून, “ही सूज सव्वा महिन्याची हाय. आता पळायचा न्हाय ह्यो. मी शेठला सांगितलं व्हतं, कुणाला कळू दिऊ नका म्हणले.”

शेतघराच्या देखभालवाल्याला बाजूला घेतलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. “शेठच्या ड्रायव्हरनं आनला, रविवारी. गुरं हायत तिथं एक अजून बांध म्हनला.” ड्रायव्हरला उचलला, त्याने जबाबात शेठनी दिलेली दुसरी किल्ली, आबा गेल्यावर आत ठेवलेली पेंडीची पोती, टेंपो, वेळ, सगळं सांगितलं. ठाण्याला खबरीचा फोनही शेठच्या सांगण्यावरून त्यानेच केला होता.

दहा वाजता शेठ माझ्यासमोर बसले होते. आधी ओरडले, मग मोठमोठ्या माणसांची नावं घेतली, मग वकील. मी सगळं ऐकून घेतलं. लोक समजतात, चौकशी म्हणजे दमदाटी. माझा अनुभव असा, की समोरच्याला काय टोचतंय ते सापडलं की आवाज चढवावा लागत नाही. आणि त्या दिवशी ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

“शेठ,” मी म्हटलं, “त्या टँकरवाल्याचा बैल पळताना बघवत नव्हतं ना?”

त्यांनी वकिलाचं नाव घेणं सोडून दिलं.

“तीनदा मागितला साहेब त्याच्याकडं. बोलेल ती किंमत दिली असती. नाय म्हनाला. टँकर चालवनारा मानूस, मला नाय म्हनाला! गोठ्याला मी पंखे लावले, घाटावरून मानूस आनला. आन्‌ मैदानात पब्लिक वरडतं कोनाच्या नावानं? त्याच्या. मला झोप नाय लागायची.”

“म्हणून चंद्या लंगडा झाल्यावर त्याचा बैल चंद्या करायचा.”

“पांढरा बैल पांढऱ्यासारखाच दिसतो साहेब. कोनाला कलनार होतं?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमाला तरी कललं का?”

मला नव्हतं कळलं. ते खरंच बोलत होते. त्यांनी सगळा डाव माझ्यासारख्या माणसाच्या भरवशावर रचला होता, ज्याला दिसत नाही आणि जो ते कबूल करत नाही. शेठला दुसऱ्याचा बैल सहन झाला नाही, मला दुसऱ्याची नजर. फरक एवढाच, की त्यांच्याविरुद्ध कलम होतं, माझ्याविरुद्ध नव्हतं.

आदल्या दिवशी तयार केलेला कागद मी फाडला. दुपारी कोर्टात नवा अहवाल दिला, त्यात माझ्या पंचनाम्यातली चूक मी माझ्याच शब्दांत लिहिली, आणि ती कोणी पकडली त्या नाईकचं नाव आणि बक्कल नंबरही लिहिला. न्यायाधीशांनी दोनदा वाचलं. वरून मला लेखी समज मिळाली. ती रास्त होती. ताईच्या गोपनीय अहवालातला शेरा बदलायचाही मी प्रयत्न केला, पण मुदत उलटून गेली होती आणि तो तसाच राहिला. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं साहेब.” कसं, ते मी विचारलं नाही. तिने मला माफ केलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. चेहऱ्यावरून ओळखणं मला कधी जमलंच नाही.

तरुण अधिकारी भेटले की मी त्यांना एवढंच सांगतो. साक्षीदार खोटं बोलतोय का, हे आपण तपासतो. पण खरं बोलणाऱ्यांतही कोणाला किती दिसतं, हे माणसागणिक वेगळं असतं, ते कोणी तपासत नाही. “दिसलं का?” हा अर्धा प्रश्न आहे. सारख्या दहा वस्तूंमधून उचलून दाखवायला सांगा, मग कळेल. आणि सगळ्यात आधी स्वतःला तपासा. आपल्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसलं की आपल्याला राग येतो, आणि त्या रागाला आपण अनुभव, शिस्त, कागद अशी चांगली चांगली नावं देतो. शिकलेला माणूस हे फार सफाईने करतो. मी केलं आहे.

माझी उरलेली नोकरी संपेपर्यंत त्या ठाण्यात कुठलाही मुद्देमाल एकटा ठेवून ओळखायला दिला गेला नाही. तसल्याच निदान पाच वस्तूंमध्ये मिसळून दिला गेला. शेठवर खोट्या फिर्यादीचं दोषारोपपत्र दाखल झालं. टँकरवाल्याला पाखऱ्या परत मिळाला. आबा शुक्रवारी संध्याकाळी सुटला, त्याच्यावरचा गुन्हा कोर्टाने रद्द केला, आणि पुढे शेठनी बैलावरचा हक्क सोडल्यावर कोर्टाच्याच परवानगीने तो लंगड्या चंद्याला टेंपोत घालून आपल्या गावी घेऊन गेला.